वितळलेले खिळे

व्याह्यांनी गॅरेजमधल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरला आणि त्यावर तीन गोळ्या उभ्या केल्या. पहिली निव्वळ तांब्याची, घासलेल्या भांड्यासारखी लखलखीत. दुसरी शिशाची, पण कमरेपर्यंत तांब्याचं पातळ आवरण चढवलेली, नाक तेवढं उघडं. तिसरी नुसती राखाडी, बोथट. ती त्यांनी घरीच ओतली होती. तिन्ही अंगठ्याच्या पेराएवढ्या.

हात पुसत ते म्हणाले, "व्याही, तुम्ही धातूतले माणूस. सांगा, पोरीसाठी यातली कुठली?"

'व्याही' हा त्यांना येणारा एकमेव मराठी शब्द. मुलांच्या लग्नात माझ्या बायकोने तो शिकवला. मुलाच्या बापाचं मुलीच्या बापाशी काय नातं, याला इंग्रजीत शब्दच नाही हे ऐकून ते इतके खूश झाले की तेव्हापासून मला नावाने हाक मारतच नाहीत. बाकी बोलणं अर्थात इंग्रजीत. आयुष्यभर त्यांनी शाळेच्या बसेस दुरुस्त केल्या. आता निवृत्त होऊन ओहायोच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांत, वडिलांच्या शेतावर राहतात. ओहायोतल्याच आमच्या डब्लिन गावाहून तिथे जायला दीड-दोन तास लागतात.

पोरगी म्हणजे माझी मुलगी, त्यांची सून. तिला पाचवा महिना होता, आणि तिला हरणाच्या मटणाचे डोहाळे लागले होते.

हे डोहाळ्यांचं प्रकरण मीच वाढवलं. सप्टेंबरमधल्या एका रविवारी त्यांच्याकडे जेवताना मुलगी म्हणाली, "मला सारखं ते स्ट्यू आठवतंय, गाजरं घातलेलं. काल स्वप्नातसुद्धा आलं." तिच्या सासूबाई हळहळल्या, फ्रीझरमध्ये हरणाचा एक तुकडाही उरला नव्हता. मी आपला गंमत म्हणून बोलून गेलो, "आमच्याकडे डोहाळे पुरवावेच लागतात. नाही पुरवले तर बाळाचा कान फुटतो."

सगळे हसले. व्याह्यांनी मात्र काटा खाली ठेवला.

"कान?" त्यांनी विचारलं. "कुठला?"

"डॅड, इट्स अ जोक," जावई म्हणाला.

"तुला विचारलं नाही," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी सारवासारव केली. पण परत येताना गाडीत मुलीने मला धारेवर धरलं. "बाबा, ही इज सो सीरियस अबाउट इट! आता ते हरीण मारल्याशिवाय राहणार नाहीत. यू हॅव नो आयडिया."

आयडिया होती. गेल्या वर्षीचं हरीण मी विसरलो नव्हतो.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला आम्ही शेतावर गेलो होतो आणि मी दोन दिवस जास्त राहिलो, कारण व्याह्यांनी राहा म्हटलं. मुलाकडच्यांनी राहा म्हटलं की राहायचं, हे माझ्या हाडात आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी बंदुकीने हरीण मारायचा हंगाम सुरू होतो. व्याह्यांची रायफल त्यांच्या वडिलांची, खटका खाली ओढून भरायची. तिच्या नळीखाली दुसरी नळी असते आणि तीत काडतुसं एकापाठी एक बसतात. मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकतं, म्हणून अशा बंदुकीला टोकदार गोळी चालत नाही. टोक टेकून स्फोट व्हायचा. गोळी बोथटच लागते. चाळीसेक वर्षं ते शिशाच्या मऊ नाकाची तीच एक जुनी गोळी वापरत आले. ती लागली की नाक फुलासारखं उमलतं आणि हरीण चार पावलांत पडतं. पण उमलताना ती शिशाचा चुरा मांसात सांडते. गेल्या वर्षी माझ्या जावयाने त्यांना सांगितलं, "आम्ही आता मुलाचा विचार करतोय. आम्हाला ते शिसं नको. तांब्याची गोळी घ्या." त्यांनी घेतली.

हरीण लांब होतं, मक्याच्या कापलेल्या शेताच्या पलीकडच्या कडेला. मी त्यांच्या मागे स्टुलावर, नारिंगी जाकीट घालून बसलो होतो. बार झाला. मादी होती. ती दचकली, पाठ थोडी कमानदार केली आणि चालत, पळत नव्हे, चालत झाडीत गेली. तांब्याची गोळी उमलायला वेग लागतो. लांबवर पोचेपर्यंत वेग मंदावला, आणि ती बहुधा न उमलताच, दाभणासारखी आरपार गेली.

सिकॅमोर झाडाच्या एका मोठ्या पानावर आम्हाला रक्ताचा एक थेंब सापडला. पुढे ओढ्याकाठी एका जागी गवत दबलेलं होतं. तिथे ती बसली असावी. मग काहीच नाही. त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ते रान पिंजत होतो. शेवटी व्याही त्या दबलेल्या गवतापाशी टोपी काढून उभे राहिले. बर्फ वितळल्यावर ते पुन्हा सांगाडा शोधायला गेले, असं त्यांच्या बायकोने फोनवर सांगितलं. तोही मिळाला नाही.

आमच्या डब्लिनमध्ये हरणं रोजची. संध्याकाळी घरामागच्या हिरवळीवर येतात, बायकोची झाडं खातात, काचेच्या दाराशी उभं राहिलं की मान वर करून बघतात. त्या वर्षभर मी प्रत्येक मादीची कूस बघत होतो. एखादी जरा जपून चालते असं वाटलं की हातातला चहा निवून जायचा. ते रान कुठे आणि आमचं अंगण कुठे, हे मला कळत होतं. तरी बघत होतो.

म्हणून टॉवेलवरच्या त्या तीन गोळ्यांकडे व्याही कसे बघतात, हे मला दिसत होतं. तांब्याच्या गोळीला त्यांनी बोटही लावलं नाही. मऊ नाकाची गोळी त्यांनी स्वतःच बाजूला सारली. "ही आपल्या पोरीच्या ताटात नको. शेजारीही मटण देतील, पण त्यांनी कुठली गोळी घातली कोण जाणे." मग राखाडी गोळी माझ्या तळहातावर ठेवली. "ही माझ्या आजोबांच्या पद्धतीची. कडक ओतलेली. उमलत नाही, चुरा करत नाही, पण एवढी जाड आणि जड आहे की आरपार गेली तरी मोठं भोक पाडते. रक्ताचा माग राहतो. हरीण हरवत नाही. आणि मांसात काही सांडत नाही. बरोबर ना?"

मी ती नखाने ओरखडून पाहिली. निव्वळ शिशावर ओरखडा उठतो, हिच्यावर उठला नाही. टेबलावर आपटली तर शिशासारखी धप न वाजता टणकन वाजली.

"यात अँटिमनी बरंच आहे," मी म्हणालो. "धातू कुठून आणला?"

"अहो, तीच तर मजा आहे!" असं म्हणून त्यांनी टेबलाखालून एक प्लॅस्टिकची बादली पायाने पुढे सरकवली. ती जड होती, हळूहळू सरकली आणि माझ्या बुटाला लागली.

बादलीत खिळे होते. छापखान्याचे खिळे. त्यांच्या गावातलं जुनं साप्ताहिक बंद पडलं, त्याच्या तळघरातलं सामान विकायला काढलं होतं. इंग्रजी अक्षरं, उलटी, काळपट, एकमेकांवर पडलेली.

मी वाकलो, बादलीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. विचार करून केलं नाही. पाय लागला, एवढंच.

"काय झालं?" व्याह्यांनी विचारलं.

"काही नाही. सवय आहे."

माझे वडील जुळारी होते. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी एका छापखान्यात ते खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका, नगरपालिकेच्या पावत्या, सहकारी सोसायट्यांचे अहवाल. डाव्या हातात खिळे लावायची पट्टी, उजवा हात समोरच्या खणांवरून फिरायचा आणि खट् खट् खट् आवाज यायचा; डोळे मजकुरावर, हाताकडे बघायचेही नाहीत. खंडेनवमीला त्या खणांना झेंडूचे हार असत. एरवी कुणाचा पाय लागला तर नमस्कार करावा लागे. ती अक्षरं होती.

संध्याकाळी ते घरी आले की मी पळत सुटायचो. आणि ते दोन्ही हात वर करायचे, डोक्याच्याही वर, कुणी बंदूक रोखल्यासारखे. मी त्यांच्या पायांना मिठी मारायचो आणि ते तसेच हात वर करून उभे. "थांब, थांब. हात धुऊ दे." मग मी तांब्याने त्यांच्या हातावर पाणी घालायचो. पाणी राखाडी व्हायचं. ते निवळ झालं की मग ते मला उचलायचे. कुणी शिकवलं होतं त्यांना, माहीत नाही. छापखान्याचे मालक शनिवारी सगळ्यांना गूळ वाटत, त्याने शिसं अंगाला लागत नाही म्हणत.

पुढे वडिलांचं उजवं मनगट लुळं पडलं. हात लोंबायला लागला. खिळा उचलता येईना, घास तोंडापर्यंत नेताना सांडायचा. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर अशक्तपणा म्हणाले. मी तेव्हा पुण्यात धातुशास्त्र शिकत होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात मिश्रधातूंच्या प्रकरणात छापखान्याच्या खिळ्यांवर एक परिच्छेद होता: शिसं, अँटिमनी, कथील. अँटिमनीमुळे धातू कडक होतो आणि अक्षराच्या कडा रेखीव येतात. शेवटी एक ओळ होती की शिशाचं काम करणाऱ्यांची मनगटं लुळी पडलेली आढळतात.

सुट्टीत मी ते पुस्तक घरी नेलं. वडिलांनी तो परिच्छेद वाचला. ते सगळंच वाचायचे, जुळाऱ्याला सवय असते. मग डाव्या हाताने पुस्तक मिटलं.

"अँटिमनी," ते म्हणाले. "इतकी वर्षं हाताळलं, नाव आज कळलं."

"बाबा, ती शेवटची ओळ..."

"वाचली. या खिळ्यांनी तुझी फी भरली. त्यांना नावं ठेवू नकोस."

मी कधी ठेवली नाहीत. पुढे शिष्यवृत्ती मिळाली, इथे आलो, प्रयोगशाळेत नोकरी लागली. लोकांच्या तुटलेल्या धातूंचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघून ते का तुटले हे सांगण्यात आयुष्य गेलं. माझ्या वडिलांच्या मनगटाचं काय झालं हे मात्र कुणी लेखी सांगितलेलं नाही. ते गेले तेव्हा कागदावर भलतंच कारण होतं.

आणि आता ओहायोतल्या एका गॅरेजमध्ये तेच खिळे बादलीभर होते, आणि माझ्या मुलीचे सासरे विचारत होते, बरोबर ना?

ते अर्धं बरोबर होतं. ही गोळी मऊ मांसातून अखंड जाईल. पण अँटिमनी एवढं असलं की धातू कडक होतो तसाच ठिसूळही होतो. फासळीवर नाही, पण खांद्याच्या जाड हाडावर बसली तर ती वाकणार नाही, तडकेल. आणि तडकलेलं शिसं कुठवर जातं हे डोळ्यांनी दिसत नाही. मला हे झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

मी म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल ते."

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती कणीक मळताना थांबली. "म्हणजे तुम्ही हो म्हणालात?"

"हो नाही म्हणालो. तुम्हाला योग्य वाटेल ते, म्हणालो."

"ते अमेरिकन आहेत. त्यांना तो होच वाटणार."

"अगं, मुलाकडचे लोक. त्यांनी एवढं प्रेमाने, स्वतः ओतून..."

"अहो, त्यांनी हुंडा नाही मागितला, मत मागितलंय!" तिने पिठाचा हात माझ्यासमोर नाचवला. "जगाला सांगता लोखंड का मोडलं. स्वतःच्या लेकीच्या पोटातल्या बाळाचं सांगायला तोंड उघडत नाही? सासऱ्यासमोर बसलेल्या नव्या सुनेसारखे काय वागता?"

मी पाण्याचा पेला भरून घेतला. ती चिडून म्हणाली, "मी फोन करू का?"

"नको. मी जाईन."

पण गेलो नाही. एक शनिवार गेला, दुसरा गेला. ऑक्टोबर सरत आला, झाडं पिवळी झाली. घरात मला खट् खट् ऐकू यायला लागलं. भांडी धुवायचं मशीन निवत असलं की यायचं. गाडीचं इंडिकेटर लावलं की यायचं. ऑफिसात मी हात धुवायला गेलो की पाण्याचा रंग बघत उभा राहायचो. एका संध्याकाळी हिरवळीवर मादी आली आणि नेहमीप्रमाणे मान वर केली. मी तिच्या कुशीकडे बघायला गेलो, तर मला तिचा पुढचा पाय दिसला. तो गुडघ्याखाली सैल लोंबत होता. मी दार उघडून बाहेर गेलो. ती चारही पायांवर नीट उडी मारून कुंपणापलीकडे गेली. पायाला काहीही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी शेतावर गेलो.

व्याही गॅरेजचं दार उघडं ठेवून गोळ्या ओतत होते. विजेच्या छोट्या भट्टीत धातू वितळला होता. त्यांनी बादलीतून ओंजळभर खिळे घेतले आणि त्यात सोडले. क्षणभर अक्षरं तरंगली, नीट ओळखता येतील अशी. मग कडा गेल्या, पोटं गेली, आणि वर राखाडी साय आली. मळ सुटावा म्हणून त्यांनी मेणाचा तुकडा टाकला, धूर निघाला, साय पळीने बाजूला झाली, आणि खाली आरसा होता.

"व्याही! कळवायचं तरी. जेवायला थांबणार ना?"

"आधी बोलायचंय."

त्यांनी भट्टी बंद केली. मी बादलीतून एक खिळा घेतला. कपाळाला लावला नाही, पण एक क्षण मुठीत धरला. ऐरणीवर ठेवला. शेजारी त्यांच्याकडचा मऊ शिशाचा एक तुकडा ठेवला. हातोडी उचलली. मला तो खिळा बघवेना. उलटं छोटं अक्षर वर तोंड करून होतं. शिशावर हातोडी मारली. ते चपटं झालं, पापडासारखं. मग खिळ्यावर मारली.

तो फुटला. दोन तुकडे भिंतीपर्यंत गेले आणि ऐरणीवर बारीक, चमकता, मिठासारखा चुरा राहिला.

व्याही पुढे झुकले. त्यांनी बोट लावायला हात नेला आणि मी त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांना असा हात लावला असेन.

"हाडावर लागली तर असं होईल," मी म्हणालो. "ही गोळी तिच्यासाठी नको. मी त्या दिवशीच सांगायला हवं होतं. आमच्याकडे मुलाच्या वडिलांना नाही म्हणत नाहीत."

त्यांनी चुऱ्यावरून मान वर केली. "कधीच नाही?"

"सहसा नाही."

"मग तुमच्याकडचे मुलाचे बाप मूर्ख होत असतील," ते म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे तांबंच."

"तांबंच. पण जवळून. वेग असला की ती उमलते. गेल्या वर्षी अंतराने घात केला."

"तुम्हाला वाटतं मी त्या दिवशी लांबून मारायला नको होतं?"

याचं उत्तर त्यांना माहीत होतं. मी होकाराची मान हलवली. ते स्टुलावर बसले, आणि मग मी त्यांना माझ्या वडिलांबद्दल सांगितलं. खण, पट्टी, गूळ, वर केलेले हात, मनगट. शेवटी उठून त्यांनी बादलीवर झाकण लावलं, सिंककडे गेले, कोपरापर्यंत हात धुतले आणि मग म्हणाले, "चला, जेवू."

हंगाम सुरू झाला त्या आठवड्यात मी पुन्हा रजा काढली. ओढ्याकाठी एक पडकं लाकडी कुंपण आहे. हरीण कुंपणाच्या अलीकडे आलं तरच बार, असं व्याह्यांनीच ठरवलं. आम्ही फांद्यांच्या आडोशाला बसायचो. पहाटेचं धुकं उठायचं, मक्याची खुंटं दिसायला लागायची, आणि पलीकडच्या कडेने हरणं यायची. पहिल्या सकाळी तीन, दुसऱ्या सकाळी एक मोठा नर. व्याह्यांनी रायफल मांडीवरून उचललीही नाही. नर निघून गेल्यावर ते पुटपुटले, "त्या बाळाला सांगा, आजोबा म्हातारे झाले, कान सांभाळ."

मुलीचा फोन यायचा: "बाबा, इट्स ओके. नाही मिळालं तर नाही. प्लीज त्यांना सांगा." मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा कॉफीचा थर्मास भरला.

हंगाम संपता संपता ती आली. मादी, एकटी, ओढ्याकडून, कुंपणाच्या अलीकडे. तिच्या नाकपुड्यांची वाफ दिसत होती इतकी जवळ. आडवी उभी राहिली. बार झाला.

आणि ती दचकली, पाठ कमानदार केली आणि झाडीत गेली.

व्याह्यांनी रिकामं काडतूस काढलं. लगेच मागे जायचं नसतं, जखमी जनावर बसलेलं उठतं आणि लांब जातं. म्हणून आम्ही बसून राहिलो. धुकं विरलं, ऊन खुंटांवर आलं. मला वाटत होतं की गेलं वर्ष संपलंच नव्हतं, आम्ही दोघं तिथेच बसून होतो आणि मधलं सगळं, डोहाळे, बाळ, बादली, कुणीतरी सांगितलेली गोष्ट होती.

मग उठलो. सिकॅमोरच्या पानावर रक्त होतं. मी थांबलो. पण पुढच्या पानावरही होतं, आणि त्याच्या पुढच्या, आणि मग पानंच नव्हे, झाडाच्या बुंध्यावरही. व्याही भराभर चालायला लागले. ओढ्याच्या पलीकडे, चढाच्या पायथ्याशी ती पडली होती. डोळे उघडे. गोळीने आपलं काम केलं होतं.

व्याही गुडघ्यांवर बसले. मला वाटलं प्रार्थना करतात. मग पाहिलं, ते हातमोजा काढून तिच्या कुशीवरून तळवा फिरवत होते, केसांच्या उलट दिशेने, सावकाश. एक बाजू झाली, मग आम्ही दोघांनी तिला वळवलं आणि त्यांनी दुसरी बाजू पाहिली.

"तुम्ही बघा," ते म्हणाले. "माझ्या बोटांना आता नीट कळत नाही. जुन्या जखमेची गाठ असते."

मी हात फिरवला. कातडी ऊबदार होती, केस दाट. मी बरगड्यांवरून, पोटावरून, खांद्यामागून पुन्हा पुन्हा बोटं नेली. एकही व्रण नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

"ती नव्हे," ते म्हणाले. आणि वर झाडीत बघितलं, जणू ती तिथे उभी राहून आमच्याकडे बघत होती. मीही बघितलं.

जानेवारीत आमच्या घरी डोहाळजेवण झालं. मुलगी हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत. ओळखीच्या काकू, मावश्या गाणी म्हणत होत्या, आणि ओट्यावर पुरणपोळ्यांच्या शेजारी व्याह्यांच्या घरून आलेलं स्ट्यूचं इलेक्ट्रिक भांडं. तोवर मुलीचे डोहाळे पार पालटले होते. तिला आता फक्त कैरीचं लोणचं लागायचं आणि मटणाचा वास सोसत नव्हता. हे तिने आईच्या कानात सांगितलं. मग तिने दारातून सासऱ्यांकडे पाहिलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, कपाळावर कुंकू लावून, बायकांच्या गर्दीत एकटेच खुर्चीवर बसले होते आणि भांड्याकडे बघत होते. तिने वाडगा भरून घेतला आणि सगळा खाल्ला.

मी समोर बसलो होतो. ती चावत होती आणि मी कान देऊन ऐकत होतो. तांबंच होतं, मी जखमेभोवतीचं मांस स्वतः उभं राहून काढून टाकायला लावलं होतं, तरी प्रत्येक घासाला मी दाताखाली बारीक काही वाजण्याची वाट बघत होतो.

बाळ मार्चमध्ये झालं. दोन्ही कान शाबूत आहेत; व्याह्यांनी पहिल्याच भेटीत टोपडं सरकवून तपासले.

बादली आता कोठारात असते. खिळे अजून पुष्कळ आहेत आणि व्याही त्यांच्या गोळ्या ओततात, पण फक्त फळ्यावर नेम धरायला. मेमध्ये आम्ही सगळे शेतावर गेलो होतो. मुलगी बाळाला घेऊन अंगणात होती. व्याही कोठारातून बाहेर आले, अंगात जाड एप्रन, आणि तिने हसत बाळ त्यांच्यापुढे धरलं. "आजोबांकडे जायचं?"

त्यांनी दोन्ही हात वर केले, डोक्याच्याही वर.

"थांब, थांब," ते म्हणाले. ते तसेच उभे राहिले, आणि बाळ त्यांच्या बोटांकडे बघत होतं. "व्याही, जरा नळ."

कोठाराच्या भिंतीला नळ आहे. मी जाऊन सोडला. ते वाकले, हात पाण्याखाली धरले, आणि पाणी निवळ होईपर्यंत मी तोटीवरचा हात काढला नाही.